चारशे पाच विरुद्ध तीनशे पंधरा

शुक्रवार, २९ मार्च १९६३. पहाटे पाच वाजून पन्नास मिनिटांनी सावरटोल्याच्या पूर्वेला, नाल्याकाठच्या मोहाखाली जैनाबाई मडावी यांच्यावर अस्वल चालून आले. त्या झाडावर चढल्या. अस्वल खाली बसले, टोपलीतली सगळी मोहफुले खाऊन झाल्यावर टोपलीवरही थोडा वेळ बसले, आणि सहा वाजून वीस मिनिटांनी निघून गेले. जखमी कोणी नाही. नुकसान : टोपली एक.

वेळा जैनाबाईंनीच दिल्या. घड्याळ त्यांच्याकडे नव्हते. पण चांद्याची मोटार नाक्यावर भोंगा देते तेव्हा त्या झाडावर चढल्या आणि लाकडाच्या गिरणीचा भोंगा झाला तेव्हा उतरल्या. दोन्ही भोंगे मी दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून तपासले.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि नागपूरच्या एका दैनिकाचा सावरटोल्याचा वार्ताहर होतो. दुपारी रेंजर पिंपळकरांच्या कचेरीत पोचलो तेव्हा जैनाबाई व्हरांड्यात उभ्याच होत्या. चाळिशीची काटक बाई, डोक्यावर पळसाच्या पानांचा भारा. गावातल्या चार घरांना त्या रोज सकाळी पत्रावळी आणि सरपण घालत.

“मोहा अठरा दिवस पडते जी साहेब,” त्या म्हणत होत्या. “अठरा दिवस. मंग सरला. पावसाळाभर आमी काय खावं?”

“कळतं मला बाई.”

“माह्या घरवाल्याचं त माहीत हाय तुमाले.”

ते सगळ्यांनाच माहीत होते. दोन वर्षांपूर्वी त्याच नाल्यावर अस्वलाने दसरू मडावीचा डावा डोळा आणि अर्धा गाल नेला होता. माझ्या पहिल्या बातम्यांपैकी ती एक : ‘अस्वलाचा हल्ला, इसम जखमी’, पान पाच, चार ओळी. तेव्हापासून दसरू तोंडावर दुपट्टा गुंडाळून घरी दोऱ्या वळत बसे आणि मोह वेचायला जैनाबाई दोन मुलींना घेऊन जात.

रेंजर पिंपळकरांनी टेबलावर एक छापील फॉर्म ठेवला होता. अस्वल मारायचा परवाना द्यायला ते तयार होते. अडचण सहाव्या रकान्याची होती. त्यात लिहायचे होते : ‘शस्त्र – एकच नमूद करावे – बनावट, बोअर, क्रमांक.’

“एकच,” पिंपळकर म्हणाले. “आणि गावात रायफली दोन. मी कारकुनी माणूस आहे. अस्वलाला कोणता बोअर लागतो ते मला काय ठाऊक? तुम्ही दोघं एकमतानं ठरवा. ठरलं की सही करतो.”

हे त्यांनी ज्या दोघांना सांगितले, ते समोरच बसले होते.

एक नानासाहेब चिंतलवार. माजी मालगुजार, वय बासष्ट, वजन दोनशे पौंड. माझे घरमालक. त्यांच्याकडे वडिलांनी आणलेली विलायती ४०५ बोअरची रायफल होती आणि वीस काडतुसांचा एक न फोडलेला डबा होता. डब्यावर साल होते १९३८. वीस वर्षांत नानासाहेबांनी गोळी झाडलेली नव्हती, पण बंदुकांच्या जुन्या कॅटलॉगातली कोष्टके त्यांना तोंडपाठ होती.

दुसरे सुभेदार तुळशीराम खोब्रागडे. महार रेजिमेंटमधून निवृत्त, वय एक्कावन्न. त्यांच्याकडे देशी कारखान्यातली ३१५ बोअरची रायफल होती. सुभेदार कुठेही गेले की स्वतःची घडीची खुर्ची बरोबर नेत. त्यांचे वडील नानासाहेबांच्या अंगणात उभे राहत असत. सुभेदारांनी कुठे बसावे हा प्रश्न कोणाला पडू नये, याची सोय त्यांनी स्वतःच करून ठेवली होती. रेंजरच्या व्हरांड्यातही ते त्याच खुर्चीवर होते.

“३१५?” नानासाहेब म्हणाले. “त्यानं हरीण मारा, सुभेदार. हे अस्वल आहे. आधी केस, एक वीत. त्याखाली चरबी. चरबीखाली हाड. गोळी केसातच हरवून जाईल तुमची.”

“उन्हाळ्यातलं अस्वल, नानासाहेब. कसली चरबी?”

“मोह खाल्लेलं आहे ते!”

“मग झिंगलेलं असेल. जवळ जाऊन मारता येईल. तुमची काडतुसं माझ्या नोकरीपेक्षा जुनी आहेत. उडतील तरी का?”

“विलायती माल आहे!”

“विलायतीच गेले आता.”

जैनाबाईंनी भारा खाली ठेवला. “किती मोठी असते जी ते गोळी?”

नानासाहेबांनी इंचाचे चारशे पाच सहस्रांश म्हणजे किती ते समजावून सांगितले. जैनाबाईंनी स्वतःच्या करंगळीकडे पाहिले, मग सुभेदारांकडे.

“अन् याह्यची?”

“त्याहून बारीक,” नानासाहेब म्हणाले.

“पण आत किती जाते ते पाहायचं असतं, बाई,” सुभेदार म्हणाले. “आम्ही पलटणीत ओल्या कागदावर पाहत होतो. कागदाचे गठ्ठे भिजवायचे, उभे लावायचे अन् गोळी हाणायची. जी जास्त आत जाईल ती खरी. ओला कागद अन् जनावराचं मांस, जवळजवळ सारखंच.”

“तेवढा कागद आणायचा कुठून?” पिंपळकर म्हणाले. “माझ्या कचेरीतला देता येणार नाही. सरकारी आहे.”

“पेपरवाल्याच्या खोलीत हाय ना जी,” जैनाबाई म्हणाल्या. “पार छतापावतर. लाकडं टाकाले जातो तवा दिसते.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

खोलीत होते ते दैनिकाचे तीन वर्षांचे अंक. तारीखवार, एकही दिवस न गाळता. माझी बातमी ज्या अंकात आली त्यावर मी तांबड्या पेन्सिलीने खूण करीत असे. त्याच आठवड्यात मला संपादकांचे पत्र आले होते : उपसंपादकाच्या जागेसाठी बुधवार, १७ एप्रिल रोजी सकाळी अकराला नागपूरला यावे, सोबत निवडक पंचवीस बातम्यांची कात्रणे आणावीत. कात्रणे अजून कापलेली नव्हती. फाईल फाडायला हात होत नव्हता.

“विचार करून सांगतो,” मी म्हणालो.

संध्याकाळी मोटारीवर बातमीचे पाकीट देऊन परत आलो, तर १९६० आणि १९६१ ही दोन वर्षे नानासाहेबांच्या गुरांच्या हौदात पडलेली होती. नानासाहेब काठीने ती खाली दाबत होते.

“अहो, हे काय!”

“लोकांचा जीव महत्त्वाचा की रद्दी? १९६२ उद्या भिजवू.”

त्या रात्री मी उरलेल्या गठ्ठ्यातून तांबड्या खुणांचे एकतीस अंक निवडले आणि पलंगाखाली ट्रंकेत ठेवले.

चाचणी कुठे घ्यायची यावर शनिवारी वाद झाला. नानासाहेबांना ती घरामागच्या आवारात, संध्याकाळी, चहानंतर हवी होती.

जैनाबाई पत्रावळी मोजून देत होत्या. “नाल्यावरच घ्या ना जी,” त्या म्हणाल्या. “अस्वल तितंच येते. पहाटं येते. उजेड बी तोच पाहिजे, वारा बी तोच. इतं उडवली त काय कळन?”

सुभेदार खुर्चीवर ताठ झाले. “बरोबर! मैदानी परिस्थितीत चाचणी. पलटणीतही हाच नियम.”

मी तसे लिहून घेतले : ‘चाचणी मैदानी परिस्थितीत व्हावी, असा आग्रह सुभेदार खोब्रागडे यांनी धरला.’

नाल्याच्या पलीकडे राखीव जंगल होते, अलीकडे महसुली पडीत. मोहाची झाडे अलीकडे. पिंपळकरांनी टेप लावून खात्री केली आणि हरकत नाही म्हणाले.

रविवार, ३१ मार्च. पहाटे साडेपाच. रॉकेलच्या डब्यांची लाकडी खोकी एकामागे एक लावली होती, मागे नाल्याची मातीची दरड. खोक्यांत ओले अंक घट्ट दाबून उभे केले होते, पहिला १ जानेवारी १९६०चा. अंतर चाळीस पावले. बघ्यांमध्ये बायकाच जास्त होत्या. मी मोजल्या : अठरा. सगळ्यांकडे टोपल्या.

नानासाहेबांनी खांद्याला रायफल लावली, श्वास रोखला आणि चाप ओढला. ‘टिक्’ असा आवाज झाला.

कोणी हसले नाही. सुभेदारांनी आकाशाकडे पाहिले.

दुसरे काडतूस. ‘टिक्’.

तिसऱ्याला असा आवाज झाला की नाल्यातले सगळे पक्षी उठले, पिंपळकर खाली बसले आणि नानासाहेब दोन पावले मागे जाऊन जैनाबाईंच्या टोपलीत बसले. ती टोपली नवीन होती. आठवड्यातली दुसरी.

मग सुभेदारांनी गोळी झाडली. त्यात सांगण्यासारखे काही नाही. ती लागली.

मोजणी मी केली. मला तटस्थ समजले जात होते. एकेक अंक बाजूला करीत गेलो. ३१५ची गोळी १ जानेवारीला आत शिरून २२ ऑगस्टला थांबली होती. ४०५ची ६ सप्टेंबरला.

“पंधरा दिवस!” नानासाहेब ओरडले. “पंधरा दिवसांनी पुढे!”

“थांबा,” सुभेदार म्हणाले. “माझी गोळी डावीकडे लागली. तिकडे अंकांची घडी येते. तुमची उजवीकडे, तिकडे सुट्या कडा. घडी जाड असते.”

मी घडी दाबून पाहिली. खरेच जाड होती.

“आणि माझ्या वाटेत १५ ऑगस्टची पुरवणी आली, त्याचं काय?” नानासाहेब म्हणाले.

“ती माझ्याही वाटेत आली.”

“तुमच्या वाटेत तिची जाहिरातीची पानं आली!”

निर्णय झाला नाही. आम्ही खोकी उचलून परत निघालो. मागे बायका मोह वेचू लागल्या.

त्या दिवशीची बातमी पान तीनवर आली : ‘अस्वलासाठी रायफल कोणती? सावरटोल्यात पेच. चाचणीस महिलांची लक्षणीय उपस्थिती.’ बुधवारी संपादकीय विभागाची तार आली : ‘रोज पाठवा.’

मी रोज पाठवू लागलो. रोज पाठवण्यासारखे होतही होते. पहिल्या चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, नानासाहेब दात घासत असताना जैनाबाई सरपण टाकायला आल्या.

“सुभेदार काल काई बोलले नाई वाटते जी तुमाले?”

“काय बोलणार?”

“काई नाई. म्हनत होते, टोपलीत बसून निशाना चांगला लागते.”

नानासाहेबांनी चूळ थुंकली आणि मला हाक मारली. “अहो पेपरवाले! उद्या पुन्हा!”

मंगळवारी ४०५ हरली. बुधवारी जैनाबाई सुभेदारांच्या दारात पत्रावळी द्यायला गेल्या आणि म्हणाल्या, “नानासाहेब झोपले नाई जी रातभर. म्हनत होते, सुभेदारानं कागद कमी भिजवला.” गुरुवारी पुन्हा. शुक्रवारी वारा होता, म्हणून शनिवारी पुन्हा. एकदा सुभेदारांनी हरकत घेतली की नानासाहेब रायफल उभ्याने चालवतात आणि आपण गुडघ्यावर, तेव्हा गोळी वेगळ्या कोनात शिरते. दुसऱ्या दिवशी दोघेही गुडघ्यावर बसले. नानासाहेबांना उठवायला तीन माणसे लागली.

रोज सकाळी सातच्या सुमाराला जैनाबाई नानासाहेबांच्या ओसरीपाशी येत.

“ठरला का जी?”

“नाही.”

“बरं.”

आणि जात. मला त्यांची कीव येत असे. अठरा दिवसांतले आठ गेले, नऊ गेले, आणि ही दोन माणसे बोअर ठरवत बसली होती. वहीत मी लिहिले आहे : ‘जै. म. आज पुन्हा विचारून गेल्या. प्रशासनाची दिरंगाई. यावर लिहावे.’ लिहिले मात्र नाही. माझ्या बातमीला आता चौकट मिळू लागली होती. वाचकांची पत्रे येत होती. उमरेडच्या एका डॉक्टरांनी ३७५ बोअरशिवाय मोठ्या अस्वलाच्या वाटेला जाऊच नये असे कळवले. गोंदियाच्या एका निवृत्त स्टेशनमास्तरांनी बारा बोअरची बंदूक आणि एक गोळा, बस्स, असे लिहिले. वर्ध्याच्या एका गृहस्थांनी लिहिले की कोणालाही मारू नका, ढोल वाजवा. ते पत्र आम्ही छापले नाही.

एक फरक मात्र मी नोंदवला आहे, तारखेसह. ९ एप्रिलपासून सुभेदारांची खुर्ची रात्री घरी जाईनाशी झाली. ती नानासाहेबांच्या ओसरीवरच राही. दोघे दुपारी तिथे बसून कॅटलॉग वाचत आणि भांडत.

“सुभेदार, हे बघा. तीनशे ग्रेन वजनाची गोळी.”

“लिहिणाऱ्याला रायफल विकायची होती, नानासाहेब.”

“चहा घेणार का?”

“साखर कमी.”

शुक्रवार, १२ एप्रिलला चांद्याहून पिंपळकरांना पत्र आले. वरिष्ठांनी वर्तमानपत्र वाचले होते. ‘शस्त्र निवडीचा निर्णय १४ तारखेपर्यंत कळवावा.’

पिंपळकर घाबरले. रविवारी १४ला शेवटची चाचणी ठरली आणि तिचा निकाल दोघांनी मान्य करायचा, असे कागदावर लिहून सह्या घेतल्या. १९६०चा तोपर्यंत लगदा झाला होता. १९६१लाही भोके पडून ते मऊ पडले होते. १९६२ वापरले.

३१५ थांबली १ सप्टेंबरला. ४०५ची पहिली गोळी उडाली नाही. दुसरी २७ सप्टेंबरला जाऊन थांबली. त्यात शंका नव्हती. सुभेदारांनी स्वतः अंक मोजले, उभे राहिले आणि नानासाहेबांना सॅल्यूट केला.

संध्याकाळी सगळे ओसरीवर जमलो. पिंपळकरांनी फॉर्म आणि दौत आणली होती. काडतुसांचा हिशेब मी वाचून दाखवला : डब्यात वीस. उडाली आठ, फुसकी निघाली नऊ. शिल्लक तीन.

“तीन पुरे,” नानासाहेब म्हणाले. “एक उडणारच. परवा पहाटे मी स्वतः जातो.”

जैनाबाई आल्या. अंगणातच थांबल्या.

“ठरला का जी?”

“ठरला, बाई!” मी म्हणालो. मला खरोखर आनंद झाला होता. “चारशे पाच.”

जैनाबाई खाली बसल्या. सतरा दिवसांत मी त्यांना बसलेले पाहिले नव्हते.

“म्हंजे आता उद्या उडवनार नाई?”

“आता चाचणी कशाला? आता शिकारच.”

“दोन दिवसाचा मोहा हाय जी अजून,” त्या म्हणाल्या. “मोठ्या झाडाचा. तो मांगून पडते.”

कोणाला काही कळले नाही. मला तर नाहीच.

“बंदूक उडवली का अस्वल येत नाई,” जैनाबाई म्हणाल्या. “जवा उडवली, तवा नाई आला. अठरा घरचा मोहा भरला. माह्याच झाडाचा रायला.”

पिंपळकरांनी टाक खाली ठेवला. “मग बाई, आधीच सांगायचं होतं. नाहीतर ढोल वाजवायचे.”

“वाजवला ना मागल्या साली. दोन दिवस पळाला. तिसऱ्या दिवशी ढोल आयकून याले लागला. ढोल वाजला का मोहा पडला, असं समजला तो. बंदुकीलेच भेते.”

“तर मग बंदूक उडवा म्हणून सांगायचं!”

“कोन उडवली असती जी? माह्या मोह्यासाठी?”

पिंपळकर फॉर्मकडे पाहू लागले.

“अहो, पण मारूनच टाकतो ना आता,” नानासाहेब म्हणाले. “कायमचा प्रश्न मिटेल.”

जैनाबाईंनी पदर सारखा केला. “मारा जी. मी नाई म्हनत नाई. पन नाई मेला त? लागली, अन् नाई मेला त? माह्या घरी बसला हाय एक, दोऱ्या वळत.” मग थोड्या वेळाने, आवाज न चढवता : “दोन वर्सामांगं तुमच्याच घरी आलते ते पावने. आदल्या दिवशी त्याहीनं उडवली होती. लागली बी होती. मोटारीत बसून गेले.”

माझ्या चार ओळींत हे नव्हते. कोणी सांगितले नव्हते, कारण मी विचारले नव्हते.

नानासाहेबांनी डब्याचे झाकण लावले, मग उघडले, मग पुन्हा लावले. सुभेदार आपल्या खुर्चीत पुढे वाकले.

“नानासाहेब,” ते म्हणाले, “एक सांगू? आजचे कागद मला कोरडे वाटले.”

नानासाहेबांनी मान वर केली.

“तुमच्या बाजूचे,” सुभेदार म्हणाले. “हात लावला तेव्हाच वाटलं. बोललो नाही.”

“सह्या झाल्यात!” पिंपळकर म्हणाले.

नानासाहेब सुभेदारांकडे पाहत राहिले, मग अंगणाकडे. मग त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की दौत हलली.

“कोरडे? माझे कागद कोरडे? सुभेदार, हा माझ्या घराण्याचा अपमान आहे! रेंजरसाहेब, तो फॉर्म ठेवा बाजूला. उद्या पहाटे! आणि परवा पहाटे! दोन दिवस! माझे कागद कोरडे!”

“पण वरिष्ठांना काय कळवू?”

“कळवा, तक्रार आली आहे,” सुभेदार म्हणाले. “चौकशी चालू आहे.”

“पण कागदच कुठे आहेत?” पिंपळकर जवळजवळ रडकुंडीला आले. “दोन वर्षांचा लगदा झालाय, तिसऱ्यालाही आज भोकं पडली!”

ते खरे होते. फुटका कागद चालणार नव्हता, निदान पुढचा थर तरी अखंड लागणार होता, आणि गावात दुसरा कागद नव्हता. जैनाबाईंना माझ्या ट्रंकेचे माहीत होते. सरपण टाकताना त्यांना सगळेच दिसत असे. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर मला थोडे सोपे गेले असते.

“माझ्याकडे एकतीस अंक आहेत,” मी म्हणालो.

सोमवारी, १५ एप्रिलला ४०५ ‘टिक्’ म्हणाली. ३१५ उडाली. मंगळवारी दोन्ही उडाल्या. नानासाहेब या वेळी टोपली टाळून बसले. त्यांच्या डब्यात एक काडतूस उरले. निकाल काय लागला ते मी मोजले नाही आणि कोणी विचारलेही नाही. जैनाबाई आणि त्यांच्या दोन मुली मोठ्या झाडाखाली वेचत होत्या. मी एकतीस अंक तुळतुळीत दगडांवर वाळत घातले; एप्रिलचे ऊन, तासाभरात ते पापडासारखे झाले. त्यातून पंचवीस कात्रणे कापली आणि दुपारच्या मोटारीने निघालो.

बुधवारी अकराला संपादकांनी कात्रणे एकेक करून पाहिली. प्रत्येकाला एक किंवा दोन भोके होती, जवळपास त्याच जागी.

“या बातमीत मृतांचा आकडा कुठे आहे?”

“तिथून गोळी गेली आहे.”

त्यांनी भोकात बोट घालून पाहिले. “४०५?”

“३१५. तुम्ही बोट घातलंत ती.”

“हं. मोठ्या अस्वलाला ३७५ लागते,” ते म्हणाले. “कधीपासून येऊ शकाल?”

मी १ मेपासून रुजू झालो आणि चौतीस वर्षे त्याच इमारतीत राहिलो. सावरटोल्याच्या वह्या निवृत्तीनंतर पुन्हा काढल्या. त्यात कागद कुठे मिळतील, चाचणी कुठे घ्यावी, किती वाजता घ्यावी, या सगळ्या सूचना कोणा ना कोणा दुसऱ्याच्या नावावर नोंदवलेल्या आहेत. जैनाबाईंच्या नावावर फक्त ‘ठरला का?’ एवढेच आहे, तेरा वेळा.

परवान्याचा फॉर्म भरला गेला की नाही, याची नोंद मला सापडलेली नाही. सुभेदारांचे एक पत्र मात्र आहे, २१ मार्च १९६४चे. ते येथे देतो :

‘स.न.वि.वि. येथे मोह पडू लागला आहे. अस्वल दोनदा दिसले, प्रकृती उत्तम. नानासाहेबांनी आपली ४०५ कपाटात ठेवून परवा चांद्याहून नवी ३१५ आणली. एकाच कारखान्याची, एकाच बोअरची, माझ्या रायफलीसारखीच. जैनाबाई काल म्हणाल्या की नवी बंदूक जास्त आत मारते असे नानासाहेब म्हणत होते. हे मला मान्य नाही. सबब चाचणी घेणे भाग आहे. जुने पेपर असल्यास मोटारीने पाठवावेत. दोन वर्षांचे पुरतील.’

मी ग्रंथालयातून बाद झालेले तीन वर्षांचे अंक पाठवले. पार्सल पोचल्याची पावती माझ्याकडे आहे. निकाल अजून आलेला नाही.